बोलणारा पाय

प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात एक पाय बोलू लागतो. बोलतो तोही रुसून. आपण हात नाही, तेव्हा या शरीरात आपले काही नाही, असा त्याचा सूर. त्याच्या पाठोपाठ कान गाऱ्हाणे मांडतो. त्याला डोळा व्हायचे होते. पवित्र शास्त्रात देवदूत बोलतात, बलामाची गाढवीही बोलते, पण फुरंगटून बसलेला पाय बोलका करावा हे पौलालाच सुचले. ज्या विषयावर पुढे शतकानुशतके जाडजूड ग्रंथ लिहिले गेले, ज्यावरून मंडळ्या दुभंगल्या आणि नवे पंथ उभे राहिले, त्या पवित्र आत्म्याच्या कृपादानांच्या विवेचनाच्या ऐन मध्यावर त्याने हा एवढासा विनोद ठेवून दिला आहे. रसिक वाचकाने आधी या पायापाशी थांबावे. तत्त्वज्ञान कुठे पळून जात नाही.

डोळ्यांत भरते ती पहिली गोष्ट ही, की पायाला डोळ्याचा हेवा वाटत नाही, हाताचा वाटतो. कान पुन्हा हाताकडे पाहत नाही, डोळ्याकडे पाहतो. चौथ्या शतकात अंत्युखियात या पत्रावर प्रवचने करणाऱ्या योहान क्रिसोस्टोमच्या चाणाक्ष नजरेने ही जोडी बरोबर टिपली होती: माणूस फार उंचावरच्याचा मत्सर करत नाही, आपल्यापेक्षा पायरीभर वर असलेल्याचा करतो, असे त्याने आपल्या श्रोत्यांना सांगितले. पाय आणि हात दोघेही राबणारे, एक धुळीत रुतलेला, दुसरा कमरेच्या उंचीवर झुलणारा. कान आणि डोळा एकाच मुखावर नांदणारे, आणि त्यांच्यातले अंतर तर आपल्या भाषेत चार बोटांचेच. एवढ्याशा अंतरात केवढी असूया राहू शकते, हे पौल एका शब्दानेही सांगत नाही. कोणाला कोणासमोर उभे करायचे याची निवड करतो आणि बाजूला होतो.

आता आपण या प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग पाहू. इथे दिशा फिरते. डोळा हाताला सुनावतो, डोके पायांना सुनावते, की तुमची मला गरज नाही. एक बारीक फरक मात्र निसटता कामा नये. पाय आणि कान बोलतात तेव्हा त्यांच्यासमोर कोणी नाही. त्यांचे बोलणे स्वगत आहे, मनातल्या मनात घोळवलेली खंत आहे. डोळा आणि डोके बोलतात तेव्हा मात्र समोर ऐकणारा आहे. न्यूनगंड एकांतात बोलतो, गर्वाला श्रोता लागतो. पुन्हा दोघांना दिलेले उत्तरही वेगळे. रुसलेल्याला पौल समजावतो, की तू काहीही म्हटलेस तरी शरीराचा भाग असण्यातून तुझी सुटका नाही. गर्विष्ठाला मात्र तो मनाईसुद्धा करत नाही, तुला असे म्हणताच येणार नाही, एवढेच सांगतो. हे पाप आहे असे म्हणण्यापेक्षा हे अशक्य आहे असे म्हणण्यात किती थंड आणि किती अचूक प्रहार आहे!

या दोहोंच्या मधे, क्षणभर, तो एक विलक्षण प्राणी कल्पून दाखवतो: सबंध शरीर म्हणजे एक डोळा. ना कान, ना नाक, नुसते अजस्र बुबुळ. ज्याला आपल्या मंडळीत प्रत्येकाला एकच दान हवे आहे त्याने हा जीव नीट न्याहाळावा.

हे सारे ज्या गावाला लिहिले ते गाव या विनोदाला साजेसेच होते. जुने करिंथ रोमनांनी इ.स.पू. 146 मध्ये धुळीस मिळवले आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत वसवली. वसवायला आलेल्यांत दास्यमुक्त झालेल्यांची संख्या मोठी. एका बाजूला लेखायन आणि दुसऱ्या बाजूला किंख्रिया अशी दोन बंदरे, मधे चिंचोळी संयोगभूमी, दोन्ही समुद्रांचा माल आणि दोन्ही समुद्रांच्या भाषा तिथून जात असत. वंशाचा मोठेपणा फारसा कोणाला नाही आणि नव्या मोठेपणाची भूक मात्र सगळ्यांना, अशा या नगरीत पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी राहून तंबू शिवत दीड वर्ष राहिला. रोमन अधिकारी गल्लियो याच्यासमोर त्याला उभे केले गेले; त्या गल्लियोचे नाव डेल्फीच्या शिलालेखात सापडले आहे, त्यामुळे हा काळ इ.स. 51 च्या आसपासचा हे बऱ्यापैकी निश्चित होते. पुढे काही वर्षांनी, पौल इफिसात असताना, ख्लोवेच्या घरच्या माणसांनी करिंथच्या भांडणांची बातमी त्याच्या कानावर घातली, मंडळीचे एक प्रश्नांचे पत्रही आले, आणि त्याला उत्तर म्हणून हे पत्र निघाले.

ही भांडणे साधी नव्हती. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा. प्रभुभोजनाला जमले तर काहीजण आधीच खाऊनपिऊन तर्र आणि काहीजण उपाशी. ते प्रकरण अकराव्या अध्यायात येते, म्हणजे कृपादानांच्या अगदी उंबरठ्यावर. मंडळी कोणाच्यातरी घरी भरे, घर अर्थातच ऐपतदाराचे, आणि त्या घरातल्या पंगतीतला भेदभाव उपासनेतही शिरला असणार. त्यातच आत्म्याच्या दानांपैकी अन्य भाषांत बोलण्याचे दान सर्वांत दिपवणारे. कोणालाही न समजणारी, देवदूतांची वाटावी अशी वाणी एखाद्याच्या मुखातून वाहू लागली की इतरांचे दान त्यापुढे फिके पडे. पौलाला उत्तर द्यायचे आहे ते या दिपून गेलेल्या डोळ्यांना.

तो उत्तर देतो ते याद्यांनी. याद्या वाचणे हे रसिकाचे काम आहे काय, असे आपल्याला वाटेल. पण हिशेबनीस यादी बेरजेसाठी वाचतो, आपण क्रमासाठी वाचू. आधी तीन समांतर ओळी येतात: दाने निरनिराळी पण आत्मा एकच, सेवा निरनिराळ्या पण प्रभू एकच, कार्ये निरनिराळी पण देव एकच. दान, सेवा, कार्य. हे तीन शब्द एकामागून एक येताना दानाचे रूप पालटत जाते. जे हातात पडले ते लगेच कोणासाठीतरी राबवायचे आहे आणि राबवणारा हात अखेर देवाचाच आहे. मग नऊ दानांची माळ: ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, अद्भुत कृत्ये, संदेश देणे, आत्मे पारखणे, नाना भाषा, आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे. ही माळ ओवताना तो एकाला हे, दुसऱ्याला ते, आणखी एकाला अमुक, अशी वाटप करणाऱ्याची लय धरतो. ती लय मोठ्याने वाचली तर ध्यानात येते की तिच्यात घेणाऱ्याची नावे नाहीत, पात्रता नाही, तपश्चर्या नाही. आहे तो फक्त वाटणारा आणि त्याची मर्जी. आणि ही माळ सुरू होण्याआधीच त्याने सांगून ठेवले आहे, की प्रत्येकाला जे मिळते ते सर्वांच्या हितासाठी मिळते. सबंध प्रकरणाची किल्ली या अर्ध्या वाक्यात आहे. दान ज्याला मिळाले त्याच्यावरून ते ओळखायचे नसून त्याच्या शेजाऱ्याचे काय झाले यावरून ओळखायचे.

करिंथकरांच्या लाडक्या दानाचा क्रमांक कितवा, हे आपल्या लक्षात आले असेलच. शेवटचा. अर्थ सांगणाऱ्याला सोबत घेऊन, पण शेवटचाच. अध्याय संपता संपता दुसरी यादी येते: प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, मग अद्भुत कृत्ये, रोग बरे करण्याची दाने, साहाय्य, व्यवस्था पाहणे, आणि अगदी टोकाला पुन्हा त्या नाना भाषा. रागाचा शब्द नाही, उपदेश नाही. दोन याद्या आणि दोन्हींत तळाची जागा.

या दुसऱ्या यादीत मला सर्वांत आवडतात ती साहाय्य आणि व्यवस्था ही दोन गरीब दाने. एकीकडे मृत्यूच्या दाढेतून रोगी परतताहेत, दुसरीकडे स्वर्गीय भाषांचा धबधबा कोसळतो आहे, आणि मधे कोणी निमूटपणे मदत करतो आहे, कोणी हिशेब सांभाळतो आहे. तीही कृपादाने, त्याच आत्म्याची, त्याच ओळीत. याच्या पुढच्याच श्वासात पौल प्रश्नांची सरबत्ती करतो: सगळेच प्रेषित आहेत काय, सगळेच संदेष्टे आहेत काय, सगळेच रोग बरे करतात काय, सगळेच अन्य भाषा बोलतात काय. उत्तर अर्थातच नाही. पण यादी आणि प्रश्न शेजारी ठेवून ताडून पाहावे. दोन दाने प्रश्नांतून गळली आहेत, आणि ती नेमकी हीच दोन. सगळेच मदत करतात काय, हा प्रश्न तो विचारतच नाही. घाईत राहून गेले असेल, असे भाष्यकार म्हणोत. मला वाटते, या प्रश्नाला नाही असे उत्तर देण्याची सवलत त्याला कोणालाच द्यायची नव्हती.

याच करिंथच्या पूर्वेकडच्या बंदरावर, किंख्रियात, फिबी नावाची बाई राहत होती. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल तिची शिफारस करतो आणि ती पुष्कळांना, आणि मलाही, साहाय्यभूत झाली असे कृतज्ञतेने नोंदवतो. ते पत्र बहुधा करिंथमध्येच बसून लिहिले गेले. त्यातही बाराव्या अध्यायात दानांची एक छोटी यादी आहे, आणि तिच्यात भाषाही नाहीत, चमत्कारही नाहीत. सेवा आहे, शिकवणे आहे, धीर देणे आहे, मोकळ्या हाताने देणे आहे, आणि दया करणाऱ्याने ती हसतमुखाने करावी अशी एक गोड अट आहे. करिंथच्या गदारोळानंतर त्याच गावात बसून लिहिताना लेखणी अशी निवळलेली दिसते.

शरीराचे रूपक पौलाने नव्याने शोधून काढलेले नाही. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो, की इ.स.पू. 494 मध्ये रोमचे सामान्यजन रुसून नगराबाहेर गेले तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा याने त्यांना पोटाविरुद्ध बंड करणाऱ्या अवयवांची गोष्ट सांगितली आणि ते परतले. ती गोष्ट राबणाऱ्यांना सांगितलेली, पोटाच्या बाजूने. मराठी वाचकाच्या मनात तर पुरुषसूक्त उमटणारच; तिथे मुखापासून पायांपर्यंत उतरत जाणारा क्रम आहे आणि पायांचे म्हणणे काय ते ऐकू येत नाही. पौलाने जुने रूपक उचलले खरे, पण त्याचा कल उलटा केला. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे, म्हणतो. जे कमी मानाचे वाटतात त्यांनाच आपण अधिक जपून वस्त्र नेसवतो, हे तो इतक्या सहजपणे दाखवून देतो, की आपल्या रोजच्या कपडे घालण्यातही एक न्याय दडलेला आहे हे तेव्हाच प्रथम उमगते. चेहरा उघडा राहतो कारण त्याला आणखी मानाची गरज नाही. आणि एक अवयव दुखावला तर सगळे दुखावतात, एकाचा सन्मान झाला तर सगळे हर्षतात; यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण आहे, हे कोणत्याही मंडळीच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

मग तेरावा अध्याय. तो लग्नाच्या उपासनेत वाचला जातो, चौकटीत घालून भिंतीवर टांगला जातो, आणि त्यामुळे एक मोठा घोटाळा झाला आहे: तो सुटा वाचायची आपल्याला सवय लागली. पौलाच्या पत्राला अध्याय नव्हते. ते तेराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसात शिकवणाऱ्या स्टीफन लँग्टनने पाडले असे मानले जाते. मुळात हा मजकूर दानांच्या वादाच्या पोटातून सलग वाहत येतो. प्रीतीचे हे स्तोत्र वधूवरांसाठी रचलेले नाही, ज्यांची तोंडे एकमेकांकडे होत नव्हती त्या बंधुभगिनींसाठी रचलेले आहे. आणि त्यातला पहिला घाव कोणावर पडतो ते पाहा: मनुष्यांच्या आणि देवदूतांच्याही भाषांवर. पण इथे पौल एक सौजन्य करतो. तुम्ही बोललात तर, असे तो म्हणत नाही. मी बोललो तर, असे म्हणतो. बाराव्या अध्यायातले सारे तुम्ही इथे अचानक मी होतात, आणि पोकळ वाजणारे कांस्य तो स्वतःला म्हणवून घेतो.

कांस्य हा शब्द करिंथकरांना जिव्हारी लागला असेल. त्यांच्या गावचे कांसे सबंध साम्राज्यात नावाजलेले. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवले आहे, की नाट्यगृहात आवाज घुमावा म्हणून कांस्याची पात्रे बसवत, आणि करिंथच्या नाट्यगृहातली अशी पात्रे ते नगर उद्ध्वस्त करणाऱ्या मुम्मियसने रोमला नेली. पौलाच्या मनात नेमकी ती पात्रे होती असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण ऐकणाऱ्यांना धातू ओळखीचा होता. शेजारी त्याने झांज ठेवली आहे. आपल्याकडच्या माणसाला हे फोडून सांगायला नको: एकटा टाळ कितीही खणखणला तरी अभंग होत नाही, त्याला दुसऱ्याचा आवाज, मृदंगाचा ठेका आणि मुखातले शब्द लागतात. टाळात खोट नसते, आणि पौलही दानात खोट काढत नाही. घोष आहे, गाणे नाही, एवढेच त्याचे दुःख.

पुढे प्रीतीचे वर्णन येते, आणि त्यात मूळ ग्रीकमध्ये एकही विशेषण नाही. पंधरा क्रियापदे आहेत. प्रीती कशी आहे हे तो सांगत नाही, ती काय करते आणि काय करत नाही हे सांगतो. काय करत नाही याची यादी लांब आहे: हेवा करत नाही, बढाई मारत नाही, फुगत नाही, रीत सोडून वागत नाही, आपलेच घोडे दामटत नाही, चिडत नाही, अपकाराची नोंद ठेवत नाही. आता मागचे अध्याय उलटून पाहावे. हेवा तिसऱ्या अध्यायात आहे, फुगणे चौथ्यात, पाचव्यात आणि आठव्यात आहे, कोर्टकचेऱ्या सहाव्यात आहेत. ज्याला आपण उदात्त गीत समजत होतो ती करिंथच्या मंडळीची तंतोतंत प्रतिमा निघते, उलटी धरलेली. एवढी बोचरी गोष्ट एवढ्या मंजुळ स्वरात सांगितलेली की जखम झाल्याचे नंतर कळावे! आणि शेवटाकडे आरसा येतो. तेव्हाचे आरसे घासून चकाकवलेल्या धातूचे, त्यांतले रूप अंधुक. आज आपण पाहतो ते तसे, कधीतरी समोरासमोर पाहू. ज्या दिवशी समोरासमोर भेट होईल त्या दिवशी संदेश, भाषा, विद्या यांची गरज उरणार नाही, उरेल ती प्रीती. म्हणजे दाने ही प्रवासातली शिदोरी आहे, मुक्कामाचे जेवण नाही.

या शिखरावरून पौल चौदाव्या अध्यायात थेट सभेच्या खोलीत उतरतो. पुष्कळ वाचक इथे पुस्तक मिटतात, आणि फार मोठ्या आनंदाला मुकतात. कारण प्रीती म्हणजे प्रत्यक्षात काय, हे इथे कळते: प्रीती म्हणजे शेजाऱ्याला समजेल असे बोलणे. तो वाद्यांचे दाखले देतो. पावा आणि वीणा यांच्या सुरांत भेद नसेल तर काय वाजते ते कळणार कसे, आणि रणशिंगाचा नाद संदिग्ध निघाला तर लढाईला कोण सज्ज होणार? मग एक कबुली येते, तीही अंगावर काटा आणणारी: अन्य भाषांत मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक बोलतो. ज्याच्यापाशी ते दान नाही त्याने ते कमी लेखणे सोपे. याच्यापाशी तुडुंब आहे. आणि तरीही मंडळीत न समजणारे दहा हजार शब्द बोलण्यापेक्षा समजणारे पाच बोलणे त्याला बरे वाटते. दहा हजारांना पाच. साहित्याचा व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांना हे प्रमाण थोडे अस्वस्थ करणारे आहे.

मग सभेचे नियम. कोणी स्तोत्र घेऊन येतो, कोणी शिकवण, कोणी प्रकटीकरण, कोणी भाषा. रिकाम्या हाताने कोणीच येत नाही, असे या खोलीचे चित्र आहे. भाषा बोलणारे दोघे किंवा फार तर तिघे, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर त्याने मनातल्या मनात देवाशी बोलावे. संदेश देणारेही दोघे-तिघे, आणि इतरांनी ते पारखावे. एक नियम तर मला सगळ्या पत्रातला सर्वांत मनोहर वाटतो. संदेश देणारा बोलत असताना, बसलेल्यांपैकी कोणाला काही प्रकट झाले, तर बोलणाऱ्याने गप्प व्हावे. उभा असलेला बसतो आणि बसलेला उठतो. ज्याच्यावर आत्मा उतरला आहे असे सगळे मानताहेत त्याने आपले अर्धे राहिलेले वाक्य सोडून द्यायचे, कारण तोच आत्मा मागच्या बाकावरच्या माणसाकडेही गेला आहे. दान आवरता येत नाही, मी काय करू, ही सबबही पौल काढून घेतो. संदेष्ट्याचा आत्मा संदेष्ट्याच्या स्वाधीन असतो, असे तो बजावतो. त्याच्या लेखी उत्कटता आणि सभ्यता एकाच घरात राहू शकतात.

याच अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे अशी दोन वचने आहेत, आणि त्यांच्यापाशी माझे रसग्रहण अडखळते. तीन अध्याय आधी हाच पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांविषयी बोलतो, त्यांनी मस्तक कसे झाकावे एवढाच तिथे वाद आहे. त्या बोलतात हे त्याने गृहीतच धरले आहे. काही जुन्या हस्तलिखितांत ही दोन वचने अध्यायाच्या शेवटी सापडतात, आणि त्यामुळे ती मुळात कुठली यावर विद्वानांचे एकमत नाही. मी ती गाळून वाचत नाही, पण अकरावा अध्याय विसरूनही वाचत नाही.

कारण महाराष्ट्रात हे तीन अध्याय जगून दाखवले ते बायकांनी. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळापासून शेकडो मुली आणि विधवा गोळा केल्या होत्या. 1905 च्या जूनमध्ये तिथे जी आध्यात्मिक जागृती झाली ती लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरील 1906 च्या सुप्रसिद्ध जागृतीच्या आधीची. रडणे, कबुल्या, तासन्‌तास चालणारी सामूहिक प्रार्थना, आणि पुढे काही मुलींच्या मुखी अन्य भाषा; गावोगाव सुवार्ता सांगायला निघालेले मुलींचे जथे. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी 1906 मध्ये लिहिलेले छोटे पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिलीच्या वाल्पाराइसोला एका मेथडिस्ट पाळकाच्या घरी पोचले आणि 1909 मध्ये तिथे जी चळवळ उठली तिच्यातून चिलीचा पेंटेकॉस्ट पंथ निघाला. केडगावहून चिलीपर्यंत!

पण मला त्याहून मोलाची वाटते ती रमाबाईंची स्वतःची वृत्ती. अन्य भाषा बोलल्याचा दावा त्यांनी स्वतःसाठी केला नाही. बोलणाऱ्या मुलींना त्यांनी अडवले नाही. आणि हे चिन्ह प्रत्येकाला मिळालेच पाहिजे असा आग्रहही धरला नाही. परदेशी टीकाकार एका बाजूने आणि अतिउत्साही भक्त दुसऱ्या बाजूने ओढत असताना चौदावा अध्याय इतक्या समतोलाने वाचणारे तेव्हा फार थोडे होते. जागृतीच्या त्याच आवारात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होते. साहाय्य आणि व्यवस्था, ही ती दोन गरीब दाने, दिवसाचे बाकीचे तास तिथे राबत होती. आणि रमाबाई स्वतः काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून, संस्कृत पांडित्य बाजूला सारून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवत होत्या. लहान वयात ज्यांना कलकत्त्याच्या पंडितसभेने सरस्वती म्हटले त्या विदुषीने दहा हजार शब्दांचा मोह सोडून पाच शब्दांची वाट धरली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेले ते बायबल 1924 मध्ये पूर्ण होऊन बाहेर आले.

ही दाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली की आजही मिळतात, हा वाद मी इथे लांबवणार नाही. तो जुना आहे. याच अध्यायांवर बोलताना क्रिसोस्टोमनेही म्हटले होते, की हा भाग फार दुर्बोध आहे, कारण तेव्हा घडत असे ते आता घडत नाही. उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये, असामान्य असोत वा साधीसुधी, कृपादाने आभारपूर्वक स्वीकारावीत असे सांगितले, आणि 1967 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कॅथलिक विद्यार्थ्यांतून सुरू झालेली कॅरिस्मॅटिक चळवळ पुढे जगभर पसरली. दोन्ही पक्षांचे विद्वान तेराव्या अध्यायातला तो आरशाचा परिच्छेद आपल्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे करतात. माझे मत विचाराल तर, रुसलेला पाय आणि मग्रूर डोळा अजून मंडळीत आहेत तोवर हे पत्र जुने झालेले नाही.

ते वाचायचे तर बारा, तेरा आणि चौदा हे तिन्ही अध्याय एका बैठकीत, मोठ्याने, मधले आकडे न पाहता वाचावेत. अर्ध्या तासाच्या आत होतात. रमाबाईंचे भाषांतर कुठे हाती लागले तर त्यातूनच वाचावेत, आणि शेजारी कोणीतरी ऐकायला असावे.